अ.पा.क. अण्णा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते आणि समोरच्या बाईंना समजावत होते की नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. हे वाक्य मी आठवड्यातून निदान दहा वेळा म्हणते. बाईंच्या नवऱ्याने नॉमिनी म्हणून आपल्या भावाचं नाव टाकलं होतं, आणि बाईंना वाटत होतं की आता सगळं दिराचंच झालं. मी सांगत होते की दीर फक्त ताब्यात घेणार आणि ज्याचं आहे त्याला देणार... तेवढ्यात फोन थरथरला. हेमंत. माझा हा चुलतभाऊ कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही. "ताई, अण्णा गेले," तो म्हणाला. "जेवले, ओट्यावर बसले, पाटाचं पाणी बंद कर म्हणून सांगितलं. मी बंद करून आलो तर बसलेलेच होते." मी बाईंचा फॉर्म पुरा केला, शिक्का मारला आणि मग पर्स उचलली. कुणाला हे कठोर वाटेल. अण्णांना वाटलं नसतं. त्यांच्यासाठी कुणाचं काम अर्धवट टाकून आले असते, तर ते उठून बसून मला बोलले असते.

दामोदरअण्णा माझे थोरले काका. गिरीजच्या वाडीत जन्मले, अठ्ठ्याऐंशी वर्षं तिथेच राहिले, आणि वसईबाहेर रात्रीचा मुक्काम करावा लागला तर पाण्याची चव आवडली नाही म्हणून सकाळी परत येत. पण माझं त्यांच्याशी नातं नुसतं काका-पुतणीचं नव्हतं. ते कागदावर होतं. माझ्या वाडीचा सातबारा काढला तर माझ्या नावापुढे 'अ.पा.क.' लिहिलेलं आहे आणि त्यापुढे अण्णांचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. जमिनीचा मालक कायद्याने सज्ञान झालेला नसेल तर त्याच्या वतीने जमीन सांभाळणारा मोठा माणूस. मी त्रेपन्न वर्षांची आहे. मला चष्मा आहे, उजवा गुडघा दुखतो, मुलगी नोकरीला लागली आहे. तरी अण्णा गेले त्या दुपारी तलाठी कार्यालयाच्या लेखी मी त्यांच्या पालकत्वाखालचं मूल होते. ही चूक कशी झाली आणि इतकी वर्षं कशी टिकली हे सांगितलं की अण्णा कसे होते ते वेगळं सांगावं लागणार नाही.

माझी आई मी चार वर्षांची असताना गेली आणि बाबा मी अकरा वर्षांची असताना, काविळीने. आजोबांनी जिवंतपणीच दोघा भावांना वाडी वाटून दिली होती. पूर्वेचा हिस्सा अण्णांचा, पश्चिमेचा बाबांचा. रीतसर पोटहिस्से पडले, नकाशा झाला, हद्दीवर दगड बसले. पण दगड काय, दोन वर्षांत मातीखाली जातात. म्हणून भावाभावांनी दगडांच्या रेषेत रस्त्यापासून विहिरीपर्यंत राजेळी केळीची रांग लावली. राजेळी म्हणजे जिची पिकली केळी उन्हात सुकवून आमच्याकडे सुकेळी करतात ती. रांगेचा घड उतरला की अर्धा इकडे, अर्धा तिकडे. बाबा गेल्यावर पश्चिमेचा हिस्सा माझ्या नावावर आला, आणि बाराव्याच्या पंगतीतच आमच्या मंजूआत्या, म्हणजे बाबांच्या चुलतबहीण, पानावर बसल्या बसल्या शेजारणीला म्हणाल्या की ही पोर मोठी होईपर्यंत हिच्या वाट्याला फक्त विहिरीचा काठ उरेल. आवाज हळू ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. अण्णा मागे भाताचं पातेलं घेऊन उभे होते. त्यांनी मंजूआत्यांना भात वाढला, वर आग्रहाने आणखी एक वाढ घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वकील शोधायला निघाले.

खरं तर घरातल्या घरात त्यांनी माझी वाडी कसली असती तरी कुणी विचारलं नसतं. गावात असं सर्रास चाले. पण अण्णांना सगळं पक्कं हवं होतं. ठाण्याच्या कोर्टात अर्ज झाला की मला पालक नेमा. अर्जासोबत अज्ञान मुलीच्या मालमत्तेची यादी जोडायची असते. अण्णांनी ती स्वतः वाडीत फिरून केली. माड किती, सुपारी किती, फणस एक, सोनचाफा एक, विहिरीत अर्धा हक्क, आणि शेवटी 'मांजर एक, पांढरे, मुलीचे आवडते.' वकिलांच्या कारकुनाने मांजर खोडलं. अण्णांनी ते परत लिहिलं. ते म्हणाले, यादी म्हणजे यादी.

कोर्टात मलाही नेलं होतं. न्यायाधीशांनी मला जवळ बोलावून विचारलं की काकांकडे राहायला आवडेल का, काका कसे आहेत. मी म्हटलं, आवडेल, पण ते घोरतात. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, आणि पुढे कित्येक वर्षं अण्णांची समजूत होती की त्यांचं घोरणं कोर्टाच्या दप्तरात नोंदलेलं आहे. निघताना न्यायाधीशांनी अण्णांना एवढंच सांगितलं की पालकाचं हित आणि मुलीचं हित एकमेकांत मिसळता कामा नये. बहुतेक प्रत्येकाला सांगत असतील. अण्णांनी ते वाडीवाल्याच्या कानांनी ऐकलं आणि आयुष्यभरासाठी गाठीला बांधलं.

त्या दिवसापासून माझ्या हिश्श्यातलं पानही माझ्या परवानगीशिवाय हलेना. मी ओट्यावर गृहपाठ करत बसलेली असायची आणि अण्णा कोयता हातात घेऊन समोर उभे राहायचे. "मालकीण, विहिरीजवळचा माड वठलाय. तोडू? परवानगी?" मी वहीतून मान वर न करता म्हणायचे, "दिली." मग ते जायचे. हेमंत तेव्हा तीन-चार वर्षांचा होता, तो हा खेळ समजून दिवसभर अंगणात 'परवानगी? दिली' करत फिरायचा. अण्णांसाठी तो खेळ नव्हता. एकदा मी परवानगी नाकारली. माडाच्या वठलेल्या खोडात पोपटांनी घर केलं होतं आणि आत पिल्लं चिवचिवत होती. अण्णांनी मला नीट समजावलं की खोड पोकळ आहे, पडेल. मी नाही म्हटलं. मालकाने नाही म्हटलं म्हटल्यावर विषय संपला. पोपट उडून गेले, पुढच्या वर्षी परत आले, पुन्हा पिल्लं झाली, आणि त्यानंतर एके दिवशी ते खोड पडलं ते नेमकं अण्णांच्या पंपाच्या खोलीवर. कौलं फुटली, पंप वाकला. काकी मला ओरडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तिला काही बोलू नकोस. झाड तिचं, परवानगी तिची. खोली मी चुकीच्या जागी बांधली."

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ते मला माझी वाडी फिरवून दाखवत. ही त्यांची स्वतःची रीत, कोर्टाने सांगितलेली नव्हे. पुढे ते हात मागे बांधून, मागे मी. कुठल्या माडाला भुंगा लागला, कुठली सुपारी नवी लावली, पाट कुठे फुटतो, सगळं सांगायचे. नोकरी लागल्यावर, लग्न करून माणिकपूरला गेल्यावर, मुलगी झाल्यावरसुद्धा हा रविवार चुकला नाही. माझा नवरा पहिल्या वर्षी सोबत आला होता. अर्ध्या तासाने तो मला हळूच म्हणाला की तुझ्या काकांसोबत मला ऑडिटरने घेरल्यासारखं वाटतंय. लग्न ठरवतानाही सासरच्यांनी सहज वाडीचा विषय काढला, तर अण्णा म्हणाले होते की ती तिची आहे, तिच्याशी बोला, मी फक्त राखणदार.  माझ्याशी बोलायची सासऱ्यांची हिंमत झाली नाही, ती आजतागायत.

आता अ.पा.क.चं. त्या काळी कोर्टाने पालक नेमला असेल तर मूल अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. म्हणजे मी मतदान करून आले, बोटाला शाई लावून घरी आले, आणि तरी स्वतःच्या माडासाठी सही करू शकत नव्हते. एकविसावं लागलं त्या आठवड्यात अण्णा दाखला घेऊन तलाठ्याकडे गेले की आता माझं नाव काढा. तलाठ्याने अर्ज घेतला आणि त्याची बदली झाली. नव्याने नवा अर्ज मागितला. मग माझं लग्न झालं, नाव बदललं, आधी नाव बदलल्याचा कागद आणा असं ठरलं. मग कुणाला वेळ झाला नाही. कायद्याने पाहिलं तर पालकत्व एकविसाव्या वाढदिवसालाच आपोआप संपलं होतं. सातबाऱ्यावरची ती नोंद म्हणजे लग्न उरकल्यावरही उतरवायचा राहिलेला मांडव. हे मी अण्णांना अनेकदा सांगितलं. ते ऐकून घेत आणि म्हणत, "कागदावर नाव आहे तोवर जबाबदारी माझी." दुसऱ्यांचे वारसदाखले आणि पालकांच्या सह्या तपासण्यात माझे दिवस जात होते, आणि स्वतःचा एक अर्ज मला करता आला नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी पंपासाठी कर्ज घ्यायला मी आमच्याच बँकेत कागद दिले, तर माझ्याच हाताखाली शिकलेला अधिकारी सातबारा बघून खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, तुम्ही मायनर आहात." सगळी शाखा आठवडाभर मला चॉकलेटं देत होती. मी तावातावाने गिरीजला गेले. अण्णांनी चहा पाजला, येत्या सोमवारी जाऊ म्हणाले, आणि सोमवारी त्यांची कंबर दुखायला लागली. पुढच्या सोमवारी पाटात बेडूक अडकला होता. त्यांच्या सहीची गरजच नव्हती, मी एकटी जाऊ शकत होते. पण ते इतक्या आनंदाने टाळत होते की मीही सोडून दिलं.

आणखी एका गोष्टीची ते टाळाटाळ करत, ती म्हणजे मोजणी. आजूबाजूच्या वाड्या मोजल्या गेल्या, कुंपणं झाली. हेमंतला जुन्या घरामागे दोन खोल्या बांधायच्या होत्या, त्यासाठी तो मोजणीच्या मागे होता. अण्णा म्हणत, "मोजायचंय काय त्यात? रांग आहे ना." एवढं सरळ वागणारा माणूस मोजणीला का घाबरतो, असं हेमंतने मला दोनदा विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

अण्णांचं मृत्युपत्र नोंदणी केलेलं होतं, दोन साक्षीदारांसह. आमच्या वकीलबाई माणिकपूरच्या, माझ्या शाळेतल्या मैत्रीण. आपल्याकडे याला प्रोबेट, म्हणजे कोर्टाचं शिक्कामोर्तब वगैरे काही लागणार नाही असं सांगून त्यांनी ते ओट्यावर बसून वाचून दाखवलं. घर आणि पूर्वेचा हिस्सा काकीला तिच्या हयातीपर्यंत, नंतर हेमंतला. सगळं अपेक्षेप्रमाणे. आणि शेवटी एक कलम... 'पश्चिमेकडील पोटहिस्सा चि. सुनंदाचा असून मालक म्हणून त्याच्याशी माझा काही संबंध नाही. दोन हिश्श्यांमध्ये केळीची रांग आहे तीच हद्द समजावी. माझ्या पश्चात मोजणी आणू नये.'

वकीलबाईंनी चष्मा काढला.  मी खोटं सांगणार नाही, माझ्याही मनात आलं. चाळीस वर्षं ज्यांनी पानालाही हात लावला नाही, त्यांनी मोजू नका असं का लिहून ठेवावं? बँकेत जो माणूस कागद दाखवायला नको म्हणतो, त्याच्या कागदात काहीतरी असतं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. मंजूआत्यांनी बाराव्याच्या पंगतीत काढलेले शब्द मला त्या ओट्यावर लख्ख ऐकू आले. त्या आता नव्वदीला टेकल्या आहेत आणि अजून हळू बोलत नाहीत.

हेमंत मला विहिरीपर्यंत सोडायला आला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "ताई, मी मोजणी आणणार. अण्णा नको म्हणाले तरी. तुझं काही आमच्यात आलं असेल तर मला आत्ताच कळू दे. उद्या माझ्या पोरांना कुणी बोललं तर मी काय सांगू?" मी म्हटलं, आण. मृत्युपत्रातली इच्छा म्हणजे मनाई हुकूम नव्हे, हेही मीच त्याला सांगितलं. त्यानंतरचे पाच आठवडे आम्ही दोघं एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलत होतो. मला ते मुळीच आवडलं नाही.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, सकाळीच आला. तरुण मुलगा, खांद्यावर काठीसारखं यंत्र. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या होत्या, त्यामुळे लोक जमले. मंजूआत्यांचा हिस्सा लगत नाही, तरी त्यांनी रिक्षा केली आणि खुर्ची मागवून सोनचाफ्याखाली बसल्या. भूकरमापकाने यंत्र रोवलं, नकाशा पाहिला, रस्त्याकडच्या टोकाला खुणेची खुंटी ठोकली. खुंटी केळीच्या रांगेत आली नाही. रांगेपासून सहा फुटांवर आली, आणि ती माझ्या बाजूला.  भूकरमापक विहिरीकडे गेला. तिथे यंत्र नकाशावरचा दगड दाखवत होतं, पण दगड दिसेना. मग त्याने माझ्या पंपाचा पाइप बाजूला केला. वर्षानुवर्षं मी जो धोंडा पाइप टेकवायला वापरत होते, तोच हद्दीचा दगड निघाला. तिथून रांगेपर्यंत त्याने टेप धरला. अकरा फूट.

म्हणजे रांग सरकली होती. अण्णांच्या हिश्श्यात. अण्णांची जमीन माझ्याकडे आलेली होती, माझी अण्णांकडे नव्हे. आणि गेली कित्येक वर्षं तिथे भेंडी मी लावत होते, आणि भेंडी माझ्या वाडीतली म्हणून बँकेत मिरवत होते.

लोक कुजबुजायला लागले. मंजूआत्यांनी खुंटीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे पोरीनंच खाल्ली की गं काकाची," त्या म्हणाल्या. 

उलगडा काकीने केला. ती ओट्यावर शांतपणे सुकेळी पानात गुंडाळत बसली होती, जणू मोजणी दुसऱ्या कुणाच्या वाडीत चालली आहे. केळीचं कसं असतं हे वाडीवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. घड उतरला की केळीचं खोड कापून टाकतात. बुंध्याशी चहू बाजूंनी पिल्लं फुटलेली असतात, त्यातलं एक राखायचं, बाकीची काढायची. राखलेलं पिल्लू पुढची केळ होते. म्हणजे प्रत्येक घडामागे केळ वीतभर सरकते, ज्या बाजूचं पिल्लू राखाल त्या बाजूला. म्हणून हद्दीवरची रांग राखताना एकदा या बाजूचं, एकदा त्या बाजूचं पिल्लू ठेवतात. रांग जागच्या जागी राहते. काकी म्हणाली की अण्णांनी तुझ्या बाजूचं पिल्लू कधी राखलंच नाही. दर वेळी आपल्याच बाजूचं. तिने एकदा विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "माझी केळ तिच्या जागेत शिरली तर कोर्ट मला विचारेल. माझ्या जागेत शिरली तर कोण विचारणार आहे?"

पहिली काही वर्षं ही निव्वळ भीती असणार, मंजूआत्यांची आणि ठाण्याच्या न्यायाधीशांची. पुढे सवय झाली. आणि रांग बरीच आत आलीय हे लक्षात आल्यावर त्यांनी काय केलं, तर ते कलम लिहिलं. मोजणी आणू नका. रांग आहे तीच हद्द. कागदावर नाव होतं तोवर जबाबदारी त्यांची होती, आणि जबाबदारी होती तोवर ते आपल्याच बाजूचं पिल्लू राखत गेले. त्यांना सज्ञान-अज्ञानाचा कायदा नीट कळला असता तर मी एकविसाव्या वर्षी सुटले असते, आणि रांग आज तीन फुटांवर थांबली असती. हे मी काकीला म्हटलं तेव्हा ती इतकी हसली की सुकेळीचं पान सुटलं. हेमंतही हसला. पाच आठवड्यांनी पहिल्यांदा तो मला नेहमीसारखा उद्धटपणे म्हणाला, "आमची भेंडी परत कर."

वकीलबाईंकडे गेले तर त्यांना फार उत्साह आला. त्या म्हणाल्या, नंदा, तुला दोन वाटा आहेत. एक म्हणजे हे कलम, त्यातून ती पट्टी अण्णांनी तुलाच दिली असं म्हणता येईल. दुसरी म्हणजे बारा वर्षांहून जास्त उघड कब्जा. मी म्हटलं तिसरी सांग. अण्णांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांभाळली, की त्यांच्या जमिनीत आणि माझ्या जमिनीत काही मिसळू नये. त्यांच्याच मृत्युपत्राने मी ती मिसळली तर त्यांच्या सगळ्या कष्टांचं मंजूआत्यांपुढे काय राहिलं? तर तिसरी वाट हेमंतने आणि मी ओट्यावर बसून काढली. दगड मोजणीप्रमाणे बसवले, पक्के, सिमेंटमध्ये. रांगेला मात्र हात लावायचा नाही. अण्णांनी सांगितलंय, रांग आहे तीच हद्द. ठीक आहे. रांग चालत गेली तशी चालत परत येईल. तोवर मधली पट्टी दोघांची, भेंडी अर्धी-अर्धी. काकी म्हणाली, त्यांनी दिलेलं परत करतेस होय? मी म्हटलं, परत कुठे करतेय, जरा फिरवून आणतेय.

दरम्यान मी तो अर्ज केला. कार्यालयात आता एक तरुण मुलगी आहे, कामाला चोख. तिने विचारलं, अर्जदार कोण? मी. अज्ञान कोण? मीच. आणि पालनकर्ते? वारले, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. तिने माझे पांढरे केस पाहिले, कागद पाहिला, आणि न राहवून विचारलं की मॅडम, इतकी वर्षं काय करत होतात? मी म्हटलं, दुसऱ्यांचे फॉर्म भरत होते. तिने हसत नोंद धरली, नोटीस लावली. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर नाव निघेल म्हणाली. मी मनात म्हटलं, हरकत घेणारा एकच माणूस होता, आणि त्याची कंबर आता दुखत नाही.

ते पंधरा दिवस अजून चालू आहेत. म्हणजे हे लिहिते आहे तोवर कागदावर मी अण्णांचीच.

गेल्या रविवारी विहिरीजवळच्या केळीचा घड उतरवला. अर्धा काकीकडे, अर्धा माझ्या पिशवीत. हेमंतने खोड कापलं. बुंध्याशी दोन चांगली पिल्लं होती, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पूर्वेचं जास्त तजेलदार होतं, चाळीस वर्षं त्याच बाजूला लाड झालेले. मी कोयता घेतला आणि वाकले. मग लक्षात आलं की आपण उभ्या आहोत ती जमीन, दगडाप्रमाणे, आता काकीची आणि पुढे हेमंतची आहे. मी तशीच वाकलेली राहिले आणि विचारलं, "पूर्वेचं पिल्लू काढते. परवानगी?"

हेमंत पाटाकाठी पाय धूत होता. त्याने मान वर केली नाही. "दिली," तो म्हणाला.